अवधानाचे ॲप आणि गोळ्यांची डबी

मोबाईलवर कीर्तन ऐकत असताना किंवा बातम्या वाचत असताना मध्येच एक जाहिरात डोकावते. रोज वीस मिनिटे हा खेळ खेळा, भरकटणारे लक्ष ताळ्यावर येईल, विसराळूपणा जाईल, असे तिचे आश्वासन असते. घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला ती आपल्यासाठी आहे असे वाटते आणि त्याच घरातील चाळिशीच्या मुलालाही ती आपल्यासाठीच वाटते. जाहिरातदाराला तर दोघेही हवेच असतात. मात्र या दोघांच्या विसरण्यामागची कारणे बहुधा निराळी असतात. ती न ओळखता एकच खेळ दोघांच्या हाती दिला, तर पैशांपेक्षा वेळ अधिक वाया जातो, आणि काही आजारांत तो वेळ परत मिळत नाही.

पेण आणि रोहा तालुक्यांतील अनेक घरांचा दिनक्रम पाहिला, तर हा प्रश्न अधिकच बोचतो. घरातील कर्ता माणूस पहाटेची गाडी पकडून पनवेलकडे कामाला जातो, किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. घरी आई-वडील असतात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख, नोव्हेंबरात द्यावयाचा पेन्शनचा हयातीचा दाखला, हे सारे त्याने किंवा त्याच्या पत्नीने लक्षात ठेवायचे असते. आता समजा, ज्याने हे लक्षात ठेवायचे त्यालाच एडीएचडी असेल, तर? गोळ्या संपत आल्याचे सकाळी दिसते, संध्याकाळी औषधाच्या दुकानावरून जाताना ते आठवत नाही. दाखल्याचा कागद जपून ठेवलेला असतो, पण कुठे ठेवला हेच हरवते. वडील म्हणतात, याला आमची पर्वा नाही. मुलगा मनातून ओशाळतो आणि रात्री कोणाला न सांगता ते ॲप उतरवून घेतो. ते ॲप त्याला कितपत उपयोगी पडेल, हे पाहण्यापूर्वी त्याची अडचण नेमकी काय आहे ते समजून घ्यावयास हवे.

मोठ्यांचाही विकार

एडीएचडी म्हणजे अवधानाची अस्थिरता, आणि तिच्या जोडीने कमी-अधिक प्रमाणात येणारी अतिचंचलता व उतावळेपणा. हा मोबाईलच्या युगाने जन्माला घातलेला विकार नव्हे. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने १७९८ साली अशा अस्थिर अवधानाचे वर्णन केले होते, आणि १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. पुढे बराच काळ हा लहान मुलांचाच विकार मानला गेला. मिसरूड फुटली की खोड जाते, अशी समजूत होती. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत ती जात नाही. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के असावे, असा जागतिक अभ्यासांचा अंदाज आहे. तो घराण्यांतून उतरतो. म्हणजे ज्या मुलाला आपण बेफिकीर म्हणतो, त्याच्या आजोबांनाही तो असू शकतो.

मोठेपणी त्याचे रूप बदलते. लहानपणी वर्गात बाकावर न टिकणारा मुलगा मोठेपणी स्वस्थ बसलेला दिसतो, पण आतून धावत असतो. काम सुरू होते, शेवटचा टप्पा राहून जातो. डोके लावावे लागणारे काम टळत राहते. भेटीची वेळ, बिलाची तारीख, कोणाला दिलेला शब्द निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या सहा प्रश्नांच्या प्राथमिक चाचणीत साधारणपणे याच गोष्टी विचारल्या जातात. ती चाचणी ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगू शकते; निदान करीत नाही.

घरच्यांचा गोंधळ उडतो तो एका विसंगतीमुळे. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात आठवून पाहा. श्वास रोखून, तासन्‌तास, केसाएवढी रेघ न चुकता ओढावी लागते. असे काम करणाऱ्या एखाद्या कारागिरालाही एडीएचडी असू शकतो. आखणीला बसला की तहान-भूक विसरेल, आणि रंगाच्या दुकानाची उधारी मात्र तीन महिने विसरेल. “तेव्हा कसे बरोबर लक्ष लागते?” हा आईचा प्रश्न मग स्वाभाविकच असतो. त्याचे उत्तर असे, की या विकारात लक्षाचा साठा कमी नसतो. ते हवे तेव्हा, हवे तिथे वळवणारा सुकाणू ढिला असतो. जे रसाळ आहे, तातडीचे आहे, त्याकडे लक्ष आपोआप ओढले जाते. जे नीरस पण आवश्यक आहे, त्याकडे इच्छा असूनही वळत नाही. चारित्र्याचा किंवा मायेचा याच्याशी संबंध नाही.

ज्येष्ठांसाठी रचलेला खेळ

अवधान-प्रशिक्षणाच्या ज्या ॲपचा जगात सर्वाधिक गाजावाजा झाला, त्याचा उगम मुलांच्या नव्हे, तर ज्येष्ठांच्या प्रयोगात आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲडम गझाली या मेंदूशास्त्रज्ञांच्या गटाने ‘न्यूरोरेसर’ नावाचा खेळ रचला. वळणावळणाच्या रस्त्यावरून एका हाताने गाडी हाकायची, आणि त्याच वेळी पडद्यावर येणाऱ्या अनेक खुणांपैकी ठरावीक खूण दिसली तरच दुसऱ्या हाताने कळ दाबायची, असे त्याचे स्वरूप होते. साठ ते पंच्याऐंशी वयाच्या व्यक्तींनी महिनाभरात एकूण बारा तास तो खेळला. दोन कामे एकाच वेळी सांभाळण्यात ते विशीतल्या नवख्या खेळाडूंच्याही पुढे गेले, आणि ही प्रगती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. न शिकवलेल्या काही अवधान-चाचण्यांतही सुधारणा दिसली. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने हा अभ्यास मुखपृष्ठावर झळकवला. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली: सहभागी ज्येष्ठांची संख्या पन्नासही नव्हती.

त्याच तंत्रावर अकिली या अमेरिकी कंपनीने मुलांसाठी ‘एंडेव्हर आर-एक्स’ हा खेळ तयार केला. आठ ते बारा वर्षांच्या, एडीएचडी असलेल्या मुलांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीने देण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये त्याला परवानगी दिली. औषधाप्रमाणे चिठ्ठीवर मिळणारा हा पहिला व्हिडिओ गेम. पुढे जून २०२४ मध्ये त्याच जातीच्या ‘एंडेव्हर ओटीसी’ या ॲपला प्रौढांसाठी, चिठ्ठीविना वापरण्यास मान्यता मिळाली. तो औषधोपचाराला पर्याय नाही, ही सूचना मात्र त्याला जोडलेली आहे. जाहिरातीचे चित्र पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच ओळ सुटते.

त्यामागचा पुरावा बारकाईने पाहण्याजोगा आहे. मुलांच्या मुख्य चाचणीत ३४८ मुले होती. निम्म्यांच्या आसपास मुलांना हा खेळ दिला, उरलेल्यांना शब्दांचा एक साधा खेळ. संगणकावर घेतलेल्या अवधानाच्या परीक्षेत पहिल्या गटाची प्रगती अधिक झाली. पण घरी मूल कसे वागते, हे पालकांना विचारले तेव्हा दोन्ही गटांत सारखीच सुधारणा आढळली. म्हणजे पडद्यावर फरक पडला. ताटावरून उठून जाण्यात, दप्तर हरवण्यात विशेष वेगळा फरक पडला नाही. प्रौढांच्या अभ्यासात २२१ जण होते. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे पंचवीस मिनिटे त्यांनी खेळ खेळला. त्यांच्या अवधान-परीक्षेचे गुण वाढले आणि त्यांनी स्वतः सांगितलेली लक्षणेही कमी झाली. परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. आपण काही उपचार घेत आहोत या आशेनेच माणसाला किती बरे वाटते, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी साखरेच्या गोळीचा गुण अनुभवला आहेच.

मेंदूच्या कसरतींबद्दलचा सगळा वाद याच एका मुद्द्याभोवती फिरतो. एखादी कसरत केली की त्या कसरतीत आपण तरबेज होतो, याविषयी कोणाचेच दुमत नाही. ते कौशल्य खेळाबाहेर, स्वयंपाकघरात, बँकेत, गाडी चालवताना उतरते का? बीबीसीच्या सहकार्याने ब्रिटनमध्ये ११,४३० जणांनी सहा आठवडे अशा कसरती केल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोक खेळात सुधारले, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या इतर कामांतही तो लाभ उतरला नाही. ‘ल्युमॉसिटी’ या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने वार्धक्यातील स्मृतिऱ्हास रोखण्याचे, नोकरीत व शाळेत प्रगतीचे दावे पुरेशा आधाराविना केले, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०१६ मध्ये कंपनीने वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. एडीएचडीपुरते बोलायचे, तर संगणकीय प्रशिक्षणाच्या ३६ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल्यमापन करणाऱ्याला कोणाला कोणते प्रशिक्षण दिले हे ठाऊक नसेल, तेव्हा लक्षणांतील सुधारणा नगण्य भरते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

याला एक आदरणीय अपवाद आहे, आणि तो ज्येष्ठांचाच आहे. अमेरिकेतील ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या प्रयोगात पासष्ट व त्यापुढील वयाच्या २,८३२ व्यक्ती होत्या. कोणाला स्मरणाचे, कोणाला तर्काचे, तर कोणाला नजरेच्या वेगाचे प्रशिक्षण सुमारे दहा बैठकांत दिले गेले. दहा वर्षांनंतरही तर्क आणि वेग या दोन गटांचा त्या-त्या कौशल्यातील लाभ टिकून होता. स्मरणाच्या गटाचा मात्र ओसरला होता. वेगाच्या गटात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही कमी आढळले. म्हणून सर्वच कसरती निरर्थक आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ते प्रशिक्षण ठरावीक होते, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होते, आणि ते एडीएचडीवरचे उपचार नव्हते. आपल्या मोबाईलवरचे रंगीत फुगे फोडण्याचे ॲप त्या पुण्याईवर जगू पाहते, हे लक्षात ठेवलेले बरे.

जुने आणि नवे विसरणे

ज्येष्ठ वाचकांनी स्वतःसाठी एक भेद पक्का करावा. एडीएचडीच्या निदानासाठी त्याची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. जन्मभर किल्ल्या शोधणारा माणूस पंच्याहत्तरीतही किल्ल्या शोधतो, यात नवीन काही नाही. परंतु जन्मभर हिशेब चोख ठेवणाऱ्या बाई गेल्या वर्षभरात तोच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारू लागल्या, रोजच्या वाटेवर गोंधळू लागल्या, वरण फोडणीला टाकण्याचा क्रम चुकू लागल्या, तर ते एडीएचडी नव्हे. तिथे ॲप हाती देणे म्हणजे तपासणी पुढे ढकलणे होय.

अशा नव्या विसरण्याची बरीच कारणे सुधारण्याजोगी असतात: थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तक्षय, नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधे. ऐकू कमी येणे हे तर फार फसवे कारण आहे. जे नीट ऐकलेच नाही ते आठवणार कसे? अशा व्यक्तीला श्रवणयंत्राची गरज असते आणि घरचे लोक तिला शब्दकोडी सोडवायला बसवतात. दोन-तीन दिवसांतच अचानक भ्रम झाला असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा शरीरातील सोडियम घटणे यांसारखे कारण असू शकते, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

उलट चूकही घडते. जन्मभराचा एडीएचडी निवृत्तीनंतर एकाएकी उघडा पडतो. कचेरीची वेळ, साहेबाचा तगादा, पत्नीने सांभाळलेले घर, या चौकटींनी तो झाकलेला असतो. चौकट मोडली, विशेषतः जोडीदार गेला, की पसारा होतो आणि मुले घाबरून स्मृतिभ्रंशाचे नाव घेतात. त्यामुळे डॉक्टरांना ‘विसरतात’ एवढेच सांगून भागत नाही. कधीपासून, हे सांगावे लागते.

मग उपाय काय?

प्रौढांच्या एडीएचडीवर सर्वाधिक पुरावा औषधांचा आहे. मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही त्यांपैकी प्रमुख नावे. पहिल्याच्या विक्रीवर कडक कायदेशीर निर्बंध आहेत, आणि दोन्ही औषधांनी रक्तदाब व नाडीचा वेग वाढू शकतो; तेव्हा ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. एका घरातील एकाची गोळी दुसऱ्याने घेणे तर सर्वथा टाळावे.

औषधांच्या जोडीने वर्तनोपचार येतात, आणि सांभाळकर्त्यांनी नीट पाहावे असे खरे शिक्षण तेथे आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधे चालू असूनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना अशा उपचारांच्या बैठका दिल्या, तर इतरांना शिथिलीकरण व माहिती. पहिल्या गटाची सुधारणा अधिक होती, आणि ती मूल्यमापन करणाऱ्या त्रयस्थालाही दिसली. त्यांना शिकवले काय? एकच वही आणि एकच दिनदर्शिका वापरणे, मोठ्या कामाचे तुकडे पाडणे, मनात दुसराच विचार आला तर तो कागदावर टिपून हातातल्या कामाकडे परतणे. हा सराव ज्या जागी चूक होते त्या जागीच होतो. तो खेळातून जीवनात उतरवावा लागत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगातील गीता-प्रवचनांत, सहाव्या अध्यायाच्या निरूपणात, एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेची जोड घातली आहे. आहार, निद्रा, काम या साऱ्यांना माप असावे, हा त्यातील विचार. विनोबा साधकाला सांगत होते, रुग्णाला नव्हे. एडीएचडी असलेल्या मुलाला संयमाचे धडे देण्यासाठी त्यांचे नाव वापरू नये. पण बाहेरची घडी नीट असेल तर आतल्या अवधानावरचा भार हलका होतो, एवढे त्यातून घेण्यास हरकत नाही.

घरात ती घडी अशी बसवता येईल. सात दिवसांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी रविवारी ठरावीक वेळी, आई किंवा वडील आणि मुलगा दोघांनी मिळून भरावी. एक भरतो, दुसरा पाहतो. डबी कपाटात न ठेवता चहाच्या भांड्यांशेजारी, डोळ्यांसमोर ठेवावी, कारण एडीएचडीत जे दिसत नाही ते अस्तित्वातच नसते. पट्टी संपण्याआधी आठवडाभराच्या गोळ्या उरल्या, की रिकामे पाकीट मुलाच्या चपलेत ठेवावे. हसू नका, चप्पल घातल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. डॉक्टरांची तारीख ठरताच, दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी, मोबाईलमध्ये दोन गजर लावावेत: एक आदल्या संध्याकाळचा, एक निघण्याच्या अर्धा तास आधीचा. हेही मोबाईलचेच साहाय्य आहे, ते फुकट आहे, आणि माझ्या मते कोणत्याही अवधान-खेळापेक्षा ते अधिक भरवशाचे आहे. खेळ माणसाचे लक्ष बळकट करू पाहतो. गजर लक्षावरचा भारच कमी करतो.

तरीही मुलाला ॲप वापरून पाहायचेच असेल, तर अडवू नये. मात्र सुरू करण्याआधी घरातील तीन मोजता येण्याजोग्या गोष्टी वहीत लिहाव्यात: आठवड्यात गोळ्या किती वेळा चुकल्या, किती बिले मुदतीनंतर भरली, किती कामे अर्धी राहिली. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावे. ॲपमधले गुण वाढले आणि वहीतले आकडे तसेच राहिले, तर वर्गणी बंद करावी. वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नयेत, ‘मोफत चाचणी’ संपण्याची तारीख भिंतीवर लिहावी, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी ॲपच्या भरवशावर कधीही थांबवू नये. रात्री अंथरुणात हे खेळ खेळून झोप बुडवली, तर दुसऱ्या दिवशीचे उरलेसुरले लक्षही जाते.

तपासणीसाठी पेण आणि रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत प्रथम विचारणा करता येईल. पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे. प्रवास जमत नसेल किंवा कोणाकडे जावे हेच उमजत नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. सांभाळकर्त्याने स्वतःच्या थकव्याविषयीही तेथे बोलावे.

मुलगा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणार असेल, तर शक्य झाल्यास आई-वडिलांनी बरोबर जावे. या निदानात लहानपणाचा पुरावा लागतो, आणि चाळिशीच्या माणसाला आपले आठवे वर्ष नीट आठवत नाही. ते आईला आठवते. तो पाटी-पेन्सिल किती वेळा हरवून आला, गुरुजी काय निरोप पाठवीत, जेवताना किती वेळा उठे, कशात मात्र तास न्‌ तास रमे, हे जाण्याच्या आधी चार-सहा ओळींत लिहून काढावे. माळ्यावरच्या ट्रंकेत शाळेची प्रगतिपुस्तके असतील, तर तीही सोबत न्यावीत. गुणांपेक्षा शेवटच्या रकान्यातला वर्गशिक्षकांचा शेरा डॉक्टर आधी वाचतील.